दंड कोणाला मिळाला?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपवली. वकिलाला असे मोकळे सोडणे धोक्याचे असते, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. वैशाखातील मराठवाड्याचे ऊन दिवसभर सोसून आपण सायंकाळी येथे येऊन बसला आहात. तेव्हा कलमांची यादी वाचून आपला अंत पाहण्याची आमची इच्छा नाही. एका बाईने आम्हांला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर त्या वेळी आम्हांला नीट देता आले नाही. ते आज द्यावे म्हणून आम्ही उभे आहोत.

आमची वकिली नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी झाली. ही हकिकत कोणत्या जिल्ह्यातली ते आम्ही सांगत नाही. सांगितले तर एका गावचे श्रोते म्हणतील, पाहा, शेवटी त्यांच्याकडेच असले प्रकार होतात. आणि आयुक्तालयाच्या वादात आधीच पुष्कळ तेल ओतले गेले आहे. गोष्ट बांधावरून झालेल्या एका खुनाची. कुऱ्हाडीचा घाव बसल्यानंतर नवरा नऊ दिवस दवाखान्यात होता. त्या नऊ दिवसांत बैलजोडी गेली, मग अंगावरचे मणी गेले, आणि दहाव्या दिवशी नवराही गेला. पदरी तीन लेकरे. खटला उभा राहिला. सरकारी वकिलांच्या मदतीस फिर्यादी पक्षातर्फे आम्ही होतो. बाई प्रत्येक पेशीला गावाहून येई, बाहेरच्या बाकावर दिवसभर बसे आणि पुढची तारीख पदराला बांधून परत जाई. साक्षीच्या दिवशी मिळालेला भत्ता आणि बसचे भाडे यांत फारसा फरक नव्हता. रोज बुडाली ती वेगळीच.

2012 साली निकाल लागला. चौघांना शिक्षा झाली आणि प्रत्येकाला पाच हजारांचा दंड झाला. आम्ही खुशीत होतो. दोघांतिघांनी आमच्याशी हस्तांदोलन केले, कोणी तरी पेढे आणले. बाई एका बाजूला उभी होती. ती जवळ आली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, त्यायनं भरलेला दंड कोनाला भेटला?"

आम्ही म्हणालो, "बाई, दंड सरकारजमा होतो."

ती म्हणाली, "सरकारचं काय गेलं होतं?"

सभेत टाळी घेण्यासाठी आम्ही हे वाक्य रचलेले नाही. बाईच्या स्वरात टोमणाही नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचे होते. वीस हजार रुपये कोठे तरी गेले होते, आणि बैल विकून भरलेल्या दवाखान्याच्या बिलाशी त्यांचा काही संबंध आहे की नाही, एवढेच ती विचारीत होती.

आता आमची चूक सांगतो. त्या दंडातून तिला भरपाई देण्याची सोय कायद्यात होती. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 357 वे कलम तेच सांगत होते: दंडाची रक्कम, सगळी किंवा काही भाग, मृताच्या वारसांना देता येते, आणि दंड केला नसेल तरीही आरोपीने इतकी भरपाई द्यावी असा हुकूम न्यायाधीशाला करता येतो. ही कल्पनाही नवी नव्हती. 1898 च्या जुन्या संहितेत 545 व्या कलमाने दंडातून भरपाई देता येत होती. शिक्षेच्या मुद्द्यावर सुनावणी झाली त्या दिवशी कोणी तरी उठून दोन मिनिटे त्यावर बोलायला हवे होते. सरकारी वकील बोलले नाहीत, कारण कडक शिक्षा मागण्यात ते गुंतले होते. आम्हीही बोललो नाही. कारण आम्हांला ते सुचलेच नाही. पंचवीस वर्षांची वकिली आणि कलम तोंडपाठ! मात्र तोंडपाठ असलेली गोष्ट वेळेवर आठवतेच असे नाही.

ही विस्मृती आमच्या एकट्याची नव्हती, हे पुढच्याच वर्षी कळले. 3 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलाचा निकाल दिला. भांडणाचे मूळ काय होते? रस्त्याने जाणाऱ्यांवर शेतकऱ्याचे कुत्रे भुंकले. त्यांनी कुत्र्याला लोखंडी पाइपने मारले, मालकाने हरकत घेतली आणि त्या झटापटीत मालक मेला. शिक्षा कमी करावी की नाही यावर न्यायालयाने विचार केलाच. पण त्यापुढे जाऊन पाने खर्ची घातली ती भरपाईच्या प्रश्नावर. खालच्या दोन्ही न्यायालयांनी या कलमाकडे पाहिलेच नाही याबद्दल खेद व्यक्त करून न्यायमूर्तींनी सांगितले की, भरपाई द्यावी की न द्यावी हे न्यायाधीशाने ठरवावे, परंतु त्या प्रश्नाचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात केलाच पाहिजे आणि का दिली किंवा का नाकारली याची कारणे लिहिली पाहिजेत. निकालाच्या प्रती देशातील सर्व उच्च न्यायालयांकडे पाठवण्याचा हुकूम झाला. आणि त्या शेतकऱ्याच्या घरच्यांचे काय? घटनेला सात वर्षे होऊन गेली होती, तेव्हा तेवढ्यासाठी खटला पुन्हा मागे पाठवला गेला नाही. ज्यांच्या दुःखातून हा नियम निघाला, ते घर नियमाच्या बाहेरच राहिले.

आपण म्हणाल, आरोपीकडून भरपाई घेणे ठीक, पण आरोपी कफल्लक असेल तर? हा आक्षेप खरा आहे. इंग्लंडात मार्जरी फ्राय नावाच्या एक बाई होऊन गेल्या. तुरुंगसुधारणेत त्यांचे आयुष्य गेले होते. 1957 साली त्यांनी वर्तमानपत्रात एक लेख लिहून आपल्या देशबांधवांपुढे एक हिशेब मांडला. मारहाणीत एका माणसाचे डोळे गेले होते. न्यायालयाने त्याला साडेअकरा हजार पौंडांची भरपाई मंजूर केली, आणि दोघा हल्लेखोरांनी दर आठवड्याला प्रत्येकी पाच शिलिंग द्यावेत असे ठरले. बाईंनी गणित करून दाखवले की शेवटचा हप्ता हातात पडायचा तर त्या आंधळ्याला आणखी 442 वर्षे जगावे लागेल! आयुष्यभर कैद्यांची बाजू मांडलेल्या बाईने हा प्रश्न उपस्थित केला, हे आम्हांला विशेष वाटते. कैद्याविषयी कणव आणि जखमी माणसाविषयी कणव या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे समजणारांनी त्यांचे चरित्र पाहावे. त्यांच्या मागणीचे पहिले फळ दूर न्यूझीलंडमध्ये 1963 च्या कायद्याने आले. 1964 मध्ये इंग्लंडने तशी योजना सुरू केली. 1965 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने. अमेरिकेने 1984 मध्ये केंद्राचा जो निधी उभारला त्यात केंद्रीय गुन्ह्यांतील दंडाचे पैसे जमा होतात आणि तेथून पीडितांकडे जातात. आमच्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर तिकडे कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवलेले होते, म्हणावयाचे.

तथापि हे सगळे परदेशातून आले असे मानण्याचे कारण नाही. चोरीस गेलेले द्रव्य राजाने शोधून परत द्यावे, आणि सापडले नाही तर स्वतःच्या कोशातून भरून द्यावे, असे कौटिल्य सांगतो. स्मृतिकारांनीही सांगितले आहे. आमच्या गावगाड्यात रखवालदार जागल्या असे. चोराचा माग ज्या गावच्या शिवेत शिरे त्या गावाने तो पुढे काढून द्यावा, नाही तर नुकसान सोसावे, अशी रीत होती. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांना बालपरवेशी मिळे. निजामाच्या मुलखात राहिलेल्या आपल्यासारख्यांना 'दियत' हा शब्दही परका नाही. या जुन्या व्यवस्था आदर्श होत्या असे आम्ही म्हणत नाही. जागल्याच्या वाट्याला काय येई हे ज्यांच्या पूर्वजांनी भोगले त्यांना विचारावे. परंतु त्या सर्वांमागे एक विचार होता: ज्याने रक्षणाचा मक्ता घेतला, त्याने रक्षण झाले नाही तर काही तरी देणे लागते. इंग्रजी कायदा आला तेव्हा हा विचार बाजूला पडला. गुन्हा हा राजाविरुद्ध ठरला, खटला सरकारचा झाला, दंड खजिन्यात गेला; आणि ज्याचे डोके फुटले तो सरकारी पक्षाचा साक्षीदार क्रमांक एक म्हणून उरला. आमच्या या भागाला भारतीय दंडसंहिता 1 एप्रिल 1951 पासून लागू झाली. त्यापूर्वी रझाकारांच्या काळात आणि पोलीस कारवाईच्या आगेमागे ज्यांची घरे जळाली, माणसे गेली, त्यांतल्या बहुतेकांच्या नुकसानीचा हिशेब कोणी मांडला नाही. पुढे 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि ऑगस्टच्या आरंभी नांदेड जिल्ह्यातील गावांत दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. आमच्या पिढीला ते नाव विसरता येत नाही. त्या वेळी, गुन्ह्यात बळी पडलेल्याच्या घराला मदत करण्याचे बंधन शासनावर घालणारा कायदा नव्हता.

तो एका वर्गापुरता 1989 मध्ये आला. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या त्या कायद्याखाली 1995 मध्ये नियम झाले आणि अर्थसाहाय्याचे कोष्टक ठरले. 2016 च्या दुरुस्तीनंतर खुनाच्या प्रकरणात ही रक्कम सव्वाआठ लाख रुपये झाली: निम्मी शवविच्छेदनानंतर, निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. श्रोत्यांनी याकडे बारकाईने पाहावे अशी आमची विनंती आहे. येथे शिक्षा होईपर्यंत थांबावे लागत नाही. 1 जून 2023 रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आंबेडकर जयंतीच्या रागातून एका तरुणाचा खून झाला. अशा घरातील चूल निकालाची वाट पाहत राहू शकत नाही, हे तत्त्व कायद्याने एका ठिकाणी मान्य केले आहे. ते सर्व ठिकाणी का मान्य होऊ नये?

वस्तुतः दुसऱ्या दुःखांच्या बाबतीत आपण ते केव्हाच मान्य केले आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट लातूरकरांना सांगायला नको. किल्लारीच्या त्या भूकंपानंतर सरकार धावले, जग धावले, गावेच्या गावे नव्या जागी वसवली गेली. पृथ्वी हलली यात शासनाचा काय दोष, असे कोणी विचारले नाही. विचारणाराला आपण हाकलून दिले असते. लातूर-नांदेड रस्त्यावर ट्रकने माणूस उडवला तर घरच्यांना मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो, आणि ट्रक पळून गेला तरी 2022 पासून मृत्यूबद्दल दोन लाख मिळण्याची तरतूद आहे. आमच्या व्यवसायबंधूंची क्षमा मागून सांगतो: माणूस ट्रकखाली मेला तर वकील घरी येतो, कुऱ्हाडीने मेला तर कोणी येत नाही. तेथे विमा कंपनी असते आणि फी निघते. भूकंपात शासनाचा दोष नव्हता तरी शासनाने दिले. शांतता राखणे हे तर शासनाचेच काम, आणि तेथे ते चुकले तर त्याने हात झटकावेत, हे तर्काला धरून नाही.

ही उणीव भरून काढणारे कलम अखेर आले. 2008 च्या दुरुस्तीने संहितेत 357-अ हे कलम घातले गेले आणि 31 डिसेंबर 2009 पासून ते अमलात आले. 1 जुलै 2024 पासून जुन्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तीत हेच कलम 396 या क्रमांकाने बसले आहे. त्याचा आशय थोडक्यात असा. आरोपीकडून मिळणारी भरपाई अपुरी असेल, किंवा आरोपी सुटला असेल तरी, न्यायालय शिफारस करू शकते, आणि रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवते. आरोपी सापडलाच नाही तर पीडिताने किंवा वारसांनी थेट प्राधिकरणाकडे अर्ज करावा. चौकशी दोन महिन्यांत पुरी करावयाची असते. उपचारासाठी तातडीची मदतही देता येते. अॅसिडहल्ला आणि बलात्कार यांतील पीडितांना कोणत्याही रुग्णालयाने, खाजगीनेही, विनामूल्य उपचार दिलेच पाहिजेत, हे वेगळे कलम आहे. महाराष्ट्राने 2 ऑक्टोबर 2013 पासून स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी मनोधैर्य योजना चालू केली, 2014 मध्ये पीडित भरपाईची योजना आली, आणि 2018 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने स्त्रियांसाठी देशभर एक कोष्टक दिले. त्यात जीव गेल्यास पाच ते दहा लाख आणि बलात्कारात चार ते सात लाख असे आकडे आहेत. पैकी पाऊण भाग मुदत ठेवीत राहतो, पाव भाग लगेच हातात येतो.

कलमे पुष्कळ झाली. आता ज्यासाठी आम्ही उभे राहिलो त्या मुद्द्याकडे येतो.

खेड्यात या पैशाकडे वाईट नजरेने पाहतात. "नवऱ्याच्या रक्ताचे पैसे खाल्ले," असे विधवेला तिच्याच भावकीतले म्हणतात. बलात्कारपीडितेला काय म्हणतात ते या व्यासपीठावरून उच्चारणे बरे नव्हे. परंतु आम्ही तीस-पस्तीस वर्षांत जे पाहिले ते असे की, रक्ताचे पैसे खरोखर दिले जातात ते वेगळ्या ठिकाणी: साक्षीच्या आदल्या रात्री. आरोपीच्या बाजूचा कोणी तरी प्रतिष्ठित माणूस येतो. पारावर किंवा मळ्यात बैठक होते. "झालं ते झालं, गेलेला माणूस काही परत येत नाही, लेकरांचं बघा," असा उपदेश होतो. आणि दुसऱ्या दिवशी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सांगतो की अंधार होता, ओळखू आले नाही. आपण सुशिक्षित लोक त्याला फितूर म्हणतो. त्याच्या घरी दाणा नव्हता हे आपण विचारात घेत नाही. सत्य बोलण्याची किंमत फक्त गरिबानेच का मोजावी? सरकारची मदत पहिल्या महिन्यातच त्या घरी पोचली असती तर मांडवलीला आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवण्याचे बळ त्या बाईला आले असते. भरपाई म्हणजे न्यायाऐवजी दिलेला पैसा अशी जी समजूत आहे, ती आमच्या अनुभवाने उलटी आहे. भरपाई वेळेवर मिळाली तर न्याय होण्याचा संभव वाढतो.

दुसरे म्हणणे खोट्या फिर्यादींचे. खोट्या फिर्यादी होतात. आम्ही नाकारीत नाही. मोटार अपघातांतही खोटे दावे होतात, म्हणून न्यायाधिकरणे बंद केली नाहीत. प्राधिकरणाने चौकशी करावी, त्यासाठीच ते आहे.

मग अडते कोठे? पैशावर अडते, कार्यालयांच्या संथपणावर अडते. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्याला एका कार्यालयाने तीन वेळा परत पाठवले, प्रत्येक वेळी नव्या कागदासाठी. परंतु त्याच्याही आधी अडते ते विचारले जात नाही म्हणून. आणि येथे सरकारी वकिलाची गाठ पडते.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा सरकारी वकील लोकांच्या मतांनी निवडून येतो. तो सभा घेतो, पत्रके वाटतो आणि आपण काय करणार ते सांगतो; हिंसेत बळी पडलेल्यांना भरपाई मिळवून देण्याच्या बाजूचा मी आहे, असे तेथील उमेदवार जाहीर करतात. ही पद्धत आपल्याकडे यावी असे आम्हांला मुळीच वाटत नाही. मते मागणारा सरकारी वकील उद्या कोणत्या जातीचा आरोपी सोडील आणि कोणत्या जातीचा अडकवील याची कल्पनाही नको. आपला जिल्हा सरकारी वकील शासन नेमते, ते तसेच राहो. पण त्या पद्धतीतली एक गोष्ट आम्हांला हेवा वाटण्यासारखी वाटते. तेथे नागरिक त्या माणसाला समोरासमोर विचारू शकतो की, बाबा, शिक्षा किती मिळवल्यास ते ऐकले, पण किती घरांसाठी भरपाई मागितलीस? आपल्याकडे असे कोणी विचारीत नाही. शिक्षेचे प्रमाण तपासले जाते, वर्तमानपत्रांत त्याचे आकडे येतात. किती प्रकरणांत सरकारी वकिलाने 395 किंवा 396 खाली अर्ज दिला, याचा तक्ता कोठे लागलेला आम्ही पाहिला नाही.

हे काम त्यांच्यावर लादलेले ओझे नाही. शिक्षेच्या सुनावणीत दोन वाक्ये आणि एका पानाचा अर्ज एवढेच ते काम. 4 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले की, शरीराला इजा झालेल्या खटल्यांत, विशेषतः बालके आणि स्त्रिया यांच्यावरील लैंगिक अत्याचारांत, सत्र न्यायालयाने निकाल देतानाच भरपाईचा हुकूम करावा. म्हणजे 2013 मध्ये सांगितलेले अकरा वर्षांनी पुन्हा सांगावे लागले. तेव्हा आमच्या वकील संघातील तरुण मित्रांना एवढेच सुचवतो की, आरोपीचे वकीलपत्र घ्या, तो तुमचा धर्म आहे. पण फिर्यादी पक्षाला मदत करीत असाल त्या दिवशी आम्ही विसरलो ते विसरू नका.

त्या बाईचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. 2013 चा निकाल वाचल्यावर आम्ही तिच्या गावी गेलो होतो. घराला कुलूप होते. शेजारी म्हणाले, ऊसतोडीला गेली, लेकरे घेऊन. पुढच्या उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा आम्ही अर्ज लिहून दिला. तो मुदतीबाहेरचा म्हणून निकालात निघाला. मुदत सांभाळण्याचे काम वकिलाचे असते, तिचे नव्हे. अर्जाची प्रत अजून आमच्या दप्तरात आहे.

आता वेळ झाली, अध्यक्षांनी घंटीकडे पाहिलेले आम्ही पाहिले. जाता जाता एक सूचना. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, नांदेडलाही आणि लातूरलाही. तेथे सल्ल्याला पैसे पडत नाहीत. दूरध्वनी करायचा असेल तर 15100 हा क्रमांक आहे. स्त्रियांच्या योजनेत तीन वर्षांची मुदत आहे, योग्य कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो. अर्जासोबत प्रथम खबरीची प्रत, दवाखान्याचे कागद, मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदनाचा अहवाल आणि वारसाचा पुरावा जोडावा. अर्जाच्या नमुन्याच्या शंभर प्रती आम्ही आणल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर, पाण्याच्या माठाशेजारी त्या ठेवल्या आहेत. आपल्या घरी कोणाला त्यांची गरज पडू नये. पण गावाकडे कोणाला पडली असेल तर एक प्रत घेऊन जावी.